घरच्या घरी ‘क’ जीवनसत्त्वाचे सीरम : खर्च थोडा, पण काटा हवा

चेहऱ्यावरील काळसर डाग, वांग, मुरमांनंतर उरलेल्या खुणा आणि बारीक सुरकुत्या यांवर त्वचारोगतज्ज्ञ जी काही मोजकी द्रव्ये सुचवतात, त्यांत ‘क’ जीवनसत्त्वाचे स्थान बरेच वरचे आहे. अमेरिकेतील सर्वांत नावाजलेल्या सीरमची ३० मिलिलीटरची बाटली मात्र १५० डॉलरहून अधिक किमतीला मिळते आणि उघडल्यानंतर काही महिन्यांतच तिचा रंग बदलू लागतो. याउलट, ज्या पावडरीपासून असे सीरम तयार होते ती एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडची पावडर औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन अगदी स्वस्त मिळते. एका घरगुती बाटलीला लागणाऱ्या पावडरीची किंमत काही सेंटांपलीकडे जात नाही. त्यामुळे हे सीरम घरीच करून पाहण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो.

हा विचार अव्यवहार्य नाही. मात्र हे मिश्रण हळद-बेसनाच्या उटण्यासारखे अंदाजाने करण्याचे नव्हे. ते एक तीव्र आम्लधर्मी द्रावण आहे. प्रमाण चुकले तर त्वचा जळते, आणि सावळ्या त्वचेवर जळजळीनंतर उमटणारा डाग मूळ डागापेक्षा गडद असू शकतो. म्हणून कृतीइतकेच तिच्यामागचे कारण समजून घेणेही आवश्यक ठरते.

हे जीवनसत्त्व म्हणजे काय?

‘क’ जीवनसत्त्वाचा इतिहास स्कर्व्ही या रोगाशी जोडलेला आहे. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई आणि जखमा भरून येत नसत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या स्कॉटिश वैद्याने ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर १२ आजारी खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, तेव्हा संत्री आणि लिंबे खाणारे दोघेच झपाट्याने सुधारले. त्यामागील द्रव्य हाती यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ते वेगळे केले, तर ब्रिटनचे वॉल्टर हॅवर्थ यांनी त्याची रेणुरचना उलगडली. १९३७ मध्ये पहिल्याला वैद्यकशास्त्राचे आणि दुसऱ्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲस्कॉर्बिक’ या शब्दाचा अर्थच ‘स्कर्व्ही होऊ न देणारे’ असा आहे.

त्वचेच्या दृष्टीने या द्रव्याची कामे तीन. पहिले, त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या जडणघडणीत ते आवश्यक असते. स्कर्व्हीत जखमा न भरण्याचे कारण हेच. दुसरे, सूर्यप्रकाशामुळे त्वचेत निर्माण होणाऱ्या घातक मुक्त मूलकांना ते निष्प्रभ करते. तिसरे, मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराच्या कामात ते अडथळा आणते, त्यामुळे डाग हळूहळू फिके होण्यास मदत होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट असावी. डाग फिका होणे आणि मूळ वर्ण बदलणे या वेगळ्या बाबी आहेत. ‘क’ जीवनसत्त्वाने कोणी गोरे होत नाही. तसा दावा करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा किंवा तीव्र स्टेरॉइड आढळल्याचे इशारे अनेक देशांच्या आरोग्य यंत्रणांनी वेळोवेळी दिले आहेत. भारतभेटीहून येताना बॅगेत भरून आणलेल्या निनावी क्रीमपेक्षा मोजून केलेले साधे द्रावण केव्हाही सुरक्षित.

पोटात घेतलेले पुरत नाही का?

आहारातून मिळणारे ‘क’ जीवनसत्त्व शरीरासाठी अत्यावश्यकच आहे. परंतु ते एका मर्यादेपलीकडे घेतले तर आतड्यातील शोषण घटते आणि जास्तीचे मूत्रावाटे बाहेर पडते. त्यामुळे गोळ्यांचा डोस वाढवत नेऊन त्वचेतील प्रमाण त्याच वेगाने वाढत नाही. त्वचेवर थेट लावण्याचे तर्कशास्त्र येथूनच सुरू होते.

त्यात अडचण अशी की त्वचेचा वरचा थर बाहेरचे पाणी आणि पाण्यात विरघळलेली द्रव्ये सहजासहजी आत येऊ देत नाही. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या प्रश्नाला दिशा दिली. द्रावणाचा सामू, म्हणजेच पीएच, ३.५ पेक्षा कमी असेल तरच एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड पुरेशा प्रमाणात आत शिरते, तसेच २० टक्क्यांपलीकडे प्रमाण वाढवून शोषण वाढत नाही, असे त्यांना आढळले. त्वचेत साठलेले हे द्रव्य निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात, हाही त्याच संशोधनाचा निष्कर्ष. हे प्रयोग डुकराच्या त्वचेवर झाले होते, हे ध्यानात ठेवावे. तरीही आजची बहुतेक सीरमे याच चौकटीत बसवलेली असतात.

सामूचे कारण सोपे आहे. एल-ॲस्कॉर्बिक ॲसिडचे निम्मे रेणू सुमारे ४.२ सामूला विद्युतभारित होतात. भारित रेणूंना त्वचेचा स्निग्ध थर ओलांडता येत नाही. सामू जसा खाली येतो तसे भाररहित रेणू वाढतात आणि वाट मोकळी होते. पण तो फार खाली गेला तर त्वचा होरपळते. घरगुती सीरमचे सारे यश या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्ट्यात, म्हणजे ३.० ते ३.५ या दरम्यान, राहण्यात आहे.

लिंबू, संत्र्याची साल आणि आवळा

‘नैसर्गिक तेच सुरक्षित’ ही समजूत येथे सर्वाधिक नुकसान करते. १०० ग्रॅम लिंबाच्या रसात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते, म्हणजे जेमतेम ०.०५ टक्के. १० टक्क्यांच्या सीरममध्ये ते त्याच्या किमान दोनशे पट असते. लिंबाच्या रसात मुबलक असते ते सायट्रिक ॲसिड. त्यामुळे चेहऱ्यावर लिंबू चोळल्यास जीवनसत्त्वाचा लाभ नगण्य आणि आम्लाचा दाह पुरेपूर, असा व्यवहार होतो. शिवाय लिंबूवर्गीय फळांच्या सालीत असलेली काही द्रव्ये उन्हाशी संयोग पावून त्वचेवर फोड आणि महिनोन्‌महिने टिकणारे काळे चट्टे उठवतात. लिंबू पिळलेले हात न धुता उन्हात बसणाऱ्यांना हा अनुभव येतो.

संत्र्याच्या सालीची पूड खरखरीत असते. ती त्वचा घासते, पण जीवनसत्त्व आत पोहोचवत नाही. आवळा ‘क’ जीवनसत्त्वाने खरोखरच समृद्ध आहे, तरी ताज्या आवळ्यातील प्रमाणही एक टक्क्याच्या आतच राहते. तो खाण्यासाठी उत्तम. ‘क’ जीवनसत्त्वाच्या चघळायच्या नारिंगी गोळ्या कुटून सीरम करण्याचा प्रयोगही टाळावा. त्यांत साखर, रंग, सुगंध आणि बांधणीची द्रव्ये असतात.

साहित्य

पावडर विकत घेताना वेष्टनावर ‘एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड’ हे एकच नाव असावे. सोडियम ॲस्कॉर्बेट, कॅल्शियम ॲस्कॉर्बेट किंवा ‘बफर्ड’ असे लिहिलेली पावडर पोटासाठी सौम्य असली तरी या कामाची नाही. औषधी दर्जाची, बारीक आणि पांढरीशुभ्र पावडर घ्यावी. पिवळसर पडलेली घेऊ नये.

पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे डिस्टिल्ड, हवे. नळाच्या पाण्यात तांब्या-लोखंडाचे अंश असतात आणि तेवढ्यानेही या जीवनसत्त्वाचा ऱ्हास वेगाने होतो. त्याच कारणाने तांब्या-पितळेची भांडी आणि लोखंडी चमचे येथे वर्ज्य. गाडीच्या बॅटरीसाठी विकले जाणारे पाणी स्वस्त असले तरी ते त्वचेसाठी नव्हे.

याशिवाय ग्लिसरीन, खाण्याचा सोडा, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, काचेचे छोटे भांडे, ड्रॉपर असलेली गडद तपकिरी काचेची बाटली आणि सामू तपासण्याच्या पट्ट्या लागतात. १ ते १४ अशा ढोबळ पट्ट्या पुरेशा नाहीत. ३ च्या आसपासचे बारीक फरक दाखवणाऱ्या पट्ट्या घ्याव्यात. काटा आणि पट्ट्या हाच या प्रयोगातील खरा खर्च आहे, तो एकदाच करावा लागतो आणि तो वाचवण्याचा मोह धरू नये. चमच्याच्या मापाने हे सीरम करता येत नाही, कारण पावडरीच्या दाण्यानुसार चमच्याचे वजन बदलते.

१० ग्रॅम सीरमची कृती

पुढील प्रमाण १० टक्क्यांच्या सीरमचे आहे. सर्व मापे वजनाने.

- एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड : १ ग्रॅम
- ऊर्ध्वपातित पाणी : ७.५ ग्रॅम
- ग्लिसरीन : ०.५ ग्रॅम
- खाण्याच्या सोड्याचे ५ टक्के द्रावण : सुमारे १ ग्रॅम

प्रथम सोड्याचे द्रावण तयार करून ठेवावे. त्यासाठी १ ग्रॅम सोडा १९ ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्ण विरघळवावा. हे द्रावण त्या दिवसापुरतेच वापरावे आणि उरलेले टाकून द्यावे.

भांडे, बाटली आणि ड्रॉपर साबणाने स्वच्छ धुऊन, ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. मग भांड्यात ७.५ ग्रॅम पाणी घेऊन त्यात १ ग्रॅम पावडर घालावी आणि दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळावे. पाणी तापवू नये, कारण उष्णतेने ऱ्हास वाढतो. त्यानंतर ग्लिसरीन मिसळावे.

या टप्प्यावर द्रावणाचा सामू २.५ च्या आत-बाहेर असतो, म्हणजे चेहऱ्यासाठी अतितीव्र. आता सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे. थोडे बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड असतो. दर काही थेंबांनी ढवळून, बुडबुडे शमल्यावर पट्टीने सामू तपासावा. तो ३.० ते ३.३ च्या दरम्यान आला की थांबावे. यासाठी सुमारे १ ग्रॅम, म्हणजे अदमासे २० थेंब लागतात. मात्र थेंबांच्या संख्येवर नव्हे, पट्टीवर विश्वास ठेवावा. सामू ३.५ च्या वर गेला तर ते मिश्रण त्वचेला अपाय करणार नाही, पण त्याचा उपयोगही घटेल.

बाटलीत भरून त्यावर तारीख लिहावी आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी.

ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी ५ टक्क्यांपासून सुरुवात करावी : पावडर ०.५ ग्रॅम, पाणी ८.५ ग्रॅम, ग्लिसरीन ०.५ ग्रॅम आणि सोड्याचे द्रावण सुमारे ०.५ ग्रॅम. १० टक्क्यांचे सीरम दोन-तीन महिने सोसले तरच १५ टक्क्यांचा विचार करावा. २० टक्क्यांच्या पुढे जाण्यात लाभ काहीच नाही, दाह मात्र वाढतो.

दोन आठवडे, त्याहून अधिक नाही

पाण्यात विरघळलेले ‘क’ जीवनसत्त्व हवा, प्रकाश आणि उष्णता यांनी सतत विघटित होत असते. ताजे द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असते. पुढे ते फिकट पिवळे, मग गडद पिवळे आणि शेवटी कोऱ्या चहासारखे तपकिरी होते. तपकिरी झालेल्या सीरममध्ये उपयुक्त अंश फारसा उरत नाही आणि ते त्वचेवर व उशीच्या अभ्र्यावर नारिंगी छटा सोडते. शिवाय या कृतीत परिरक्षक नाही. कमी सामूमुळे जंतूंची वाढ रोखली जाते, पूर्ण थांबतेच असे नाही. म्हणून फ्रिजमध्ये ठेवूनही दोन आठवड्यांनी, किंवा रंग गडद होताच त्याआधी, उरलेले सीरम टाकून द्यावे. वाया जाते ते काही सेंटांचे. १० ग्रॅमपेक्षा अधिक एकदम करू नये, ते याचसाठी.

आखाती देशांतील वाचकांनी विशेष सावध राहावे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत विसरलेली बाटली, मग ती घरची असो वा महागडी, काही तासांतच निकामी होऊ शकते.

महागड्या सीरमची किंमत काही अंशी येथे वसूल होते. पिनेल यांच्याच गटाने २००५ मध्ये दाखवले की १५ टक्के ‘क’ आणि १ टक्का ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मिश्रणात ०.५ टक्के फेरुलिक ॲसिड घातल्यास द्रावण अधिक टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण सुमारे दुप्पट होते. मात्र ‘ई’ जीवनसत्त्व तेलात विरघळते आणि फेरुलिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही. योग्य द्रावके आणि पायसीकारक यांच्याविना ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून वर तेलाचा तवंग आणण्यात अर्थ नाही. घरगुती सीरम हे बाजारातील सर्वोत्तम सीरमची प्रतिकृती नव्हे. ताजेपणा हाच त्याचा मोठा गुण.

वापर

पहिल्यांदा दंडाच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडेसे लावून दोन-तीन दिवस वाट पाहावी. पुरळ, खाज, सूज आली नाही तरच चेहऱ्यावर लावावे. सुरुवातीस एक दिवसाआड, सकाळी, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर चार-पाच थेंब बोटांनी पसरावेत. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा वगळाव्यात. मिनिटभर हलकी चुणचुण होणे स्वाभाविक आहे. आग होऊ लागली किंवा लाली टिकून राहिली तर भरपूर पाण्याने धुवावे आणि पुन्हा लावू नये. काही मिनिटांनी नेहमीचे मॉइश्चरायझर आणि त्यावर सनस्क्रीन लावावे.

थ्रेडिंग, वॅक्सिंग, केमिकल पील किंवा लेझरनंतर त्वचा पूर्ववत होईपर्यंत हे सीरम वापरू नये. एक्झिमा किंवा फुटलेल्या त्वचेवर ते लावू नये. रेटिनॉल किंवा ग्लायकोलिक ॲसिड वापरणाऱ्यांनी ते रात्री ठेवावे आणि सुरुवातीचे काही आठवडे दोन्हींचा मारा एकदम करू नये.

परिणामाची घाई करण्यात अर्थ नाही. या विषयावरील बहुतेक वैद्यकीय चाचण्या तीन महिन्यांच्या आसपासच्या आणि लहान आहेत, आणि त्यांत दिसलेला फरक सौम्य आहे.

सनस्क्रीनविना सारे व्यर्थ

वांग हा भारतीय त्वचेचा जुना आणि चिवट विकार. गरोदरपण, संप्रेरकांतील बदल आणि ऊन ही त्याची परिचित कारणे. डाग फिका करण्याचा कोणताही उपाय उन्हाच्या माऱ्यासमोर टिकत नाही. दुबई किंवा मस्कतच्या उन्हाळ्यात अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, पण लंडनच्या ढगाळ दिवसांतही खिडकीच्या काचेतून येणारे अतिनील-ए किरण त्वचेपर्यंत पोहोचतातच. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशही वांग वाढवतो. म्हणून लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन अशांना अधिक उपयोगी पडते. सीरम घरी करता येते, सनस्क्रीन मात्र कधीही घरी करू नये. त्याचे संरक्षण प्रयोगशाळेत मोजल्याविना कळत नाही.

कोणासाठी नाही

ज्यांना एवढी मोजदाद जमणार नाही किंवा आम्लधर्मी द्रावण सोसत नाही, त्यांच्यासाठी बाजारात सोडियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट, मॅग्नेशियम ॲस्कॉर्बिल फॉस्फेट अशी सौम्य रूपे असलेली तयार उत्पादने आहेत. ती जवळपास उदासीन सामूला टिकतात. परंतु त्या सामूला जंतूही सुखाने वाढतात, त्यामुळे ती परिरक्षकाविना घरी करण्याच्या फंदात पडू नये. त्यांचे शोषण आणि परिणाम याविषयीचा पुरावा मूळ द्रव्याइतका भक्कम नाही.

घरी केलेले सीरम स्वतःपुरतेच ठेवावे. गणेशोत्सवातील किंवा मंडळाच्या दिवाळी मेळ्यातील स्टॉलवर ते विकण्याचा विचार असेल, तर कायदा आड येतो. ब्रिटन आणि युरोपीय संघात हाताने केलेले थोडेसे सौंदर्यप्रसाधन विकण्यासाठीही पात्र तज्ज्ञाचा सुरक्षितता अहवाल आधी लागतो. अमेरिकेतील २०२२ च्या कायद्याने लहान व्यावसायिकांना नोंदणीतून सवलत दिली असली, तरी उत्पादन सुरक्षित असल्याचा आधार ठेवण्याची जबाबदारी त्यांच्यावरही आहे.

तीन-चार महिन्यांत काहीच फरक पडला नाही, वांग पसरत चालले किंवा एखादा तीळ आकार-रंग बदलू लागला, तर बाटली बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. वांगावर नुस्खे लिहून देण्यासारखी प्रभावी औषधे उपलब्ध आहेत आणि बदलत्या तिळावर घरगुती उपाय नसतोच.